आपल्या माणसाची फाईल : केंद्रीय वर्तणूक नियमांतील नियम ४ वर भाष्य

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ साली आले. संविधानाच्या अनुच्छेद ३०९ च्या आधारे केलेले हे नियम टपाल कार्यालयातल्या कारकुनापासून आयकर आयुक्तापर्यंत केंद्राच्या बहुसंख्य मुलकी नोकरांना बांधतात. अखिल भारतीय सेवांचे नियम वेगळे आहेत, रेल्वेचे वेगळे, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वेगळे. पण घडण सगळ्यांची जवळपास एकच. १९६४ हे वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना नेमलेल्या के. संथानम समितीचा भ्रष्टाचार प्रतिबंधावरचा अहवाल त्याच वर्षी आला आणि केंद्रीय दक्षता आयोगही त्याच वर्षी उभा राहिला. सरकारी नोकराच्या हाताबरोबर त्याच्या घराकडेही पाहावे लागेल, हे त्या काळात कायद्याने नीट ओळखले.

या नियमांतला नियम ४ मी भाष्यासाठी घेतला आहे. लाच हा गुन्हा आहे, त्याचा कायदा निराळा आहे. नियम ४ जिथे लागू होतो तिथे अजून काहीच वाईट घडलेले नसते. अधिकारी सचोटीचा असतो, कंपनी कामाला चोख असते, तिचा दर सर्वांत कमी असतो. तरीही ती फाईल त्या अधिकाऱ्याने हातात धरायची नाही, असे हा नियम सांगतो. आपल्या कचेऱ्यांत ही गोष्ट अजून पचनी पडलेली नाही. फाईलवरून बाजूला होणे म्हणजे आपल्यावर डाग लावून घेणे, अशी समजूत पक्की आहे. नियमाच्या शब्दांत या समजुतीला कुठेही आधार नाही, आणि तेच ओळीओळीने दाखवायचे आहे. नियमाचे इथले मराठी रूप माझे आहे. कलमांचा क्रम मुळातला.

उपनियम (१): «कोणताही शासकीय कर्मचारी आपल्या कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस कोणत्याही कंपनीत वा फर्ममध्ये नोकरी मिळवून देण्यासाठी आपल्या पदाचा वा प्रभावाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वापर करणार नाही.»

इथे गट अ, ब, क असा भेद नाही. शिपायालाही हे लागू आणि सचिवालाही. कंपनीचा कार्यालयाशी व्यवहार असलाच पाहिजे अशी अटही नाही.

पद आणि प्रभाव ही दोन्ही नावे घेतली आहेत, कारण पद बदलीबरोबर सुटते, प्रभाव मागे उरतो. तीन वर्षे एखाद्या शहरात सीमाशुल्क विभाग सांभाळलेला अधिकारी दुसऱ्या राज्यात गेला, तरी त्या शहरातले व्यापारी त्याचा फोन उचलतात. त्या फोनवर मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की पद नसतानाही उपनियम मोडतो.

अडचण आहे ती न मागता मिळालेल्या नोकरीची. ठेकेदार आपणहून म्हणतो, «साहेबांचा मुलगा इंजिनिअर झालाय, आमच्याकडे पाठवा.» साहेबांनी शब्द टाकलेला नाही. मग वापर झाला का? काटेकोर वाचले तर झाला नाही, आणि शिस्तभंगाच्या चौकशीत एवढ्यावर दोष सिद्ध करणे कठीण जाईल. म्हणूनच नियम इथे संपत नाही. मिळवून दिलेल्या नोकरीची बंदी पहिल्या उपनियमात आहे. मिळालेल्या नोकरीचे काय करायचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्यात.

«कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस»

या शब्दांवर थांबावे लागेल, कारण पुढच्या सगळ्या नियमाचा आवाका यांच्यावर ठरतो. व्याख्या नियम २ मध्ये आहे. तिच्यात पती किंवा पत्नी येते, मग ती सोबत राहात असो वा नसो. फक्त न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वा आदेशाने विभक्त झालेली सुटते. मुलगा, मुलगी, सावत्र मुलगा, सावत्र मुलगी येतात, पण संपूर्णपणे अवलंबून असतील तरच. आणि रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातले, कर्मचाऱ्याच्या बाजूचे वा जोडीदाराच्या बाजूचे, इतर कोणी येतात. तेही संपूर्णपणे अवलंबून असतील तरच.

आता हे नियमाच्या उद्देशाशी ताडून पाहा. ज्याला कंपनीत नोकरी आहे, पगार आहे, तो संपूर्णपणे अवलंबून कसा राहील? नोकरी लागेपर्यंत मुलगा कुटुंबात असतो. लागली आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहिला की व्याख्येबाहेर जातो. म्हणजे «कुटुंबातील व्यक्ती त्या कंपनीत नोकरीस असेल तर» ही पुढे येणारी अट अक्षरशः घेतली तर बहुतांशी पती वा पत्नीपुरतीच उरते. पोटापुरतेही न मिळवणारा नवशिका मुलगा फार तर तिच्यात येईल. ज्या नात्यावर नियमाचा रोख असायला हवा, ते कमावत्या मुलाचे आणि बापाचे नाते व्याख्येतून निसटते.

आपल्याकडच्या नात्यांची तर गोष्टच सोडा. भाऊ, मेव्हणा, साडू, भाचा, जावई, व्याही यांपैकी कोणी कमावता असेल तर व्याख्येत येत नाही. तालुक्याच्या गावात सरकारी कामांचे ठेके घेणारी फर्म बहुधा भावाची किंवा मेव्हण्याची असते. पत्नीच्या नावावर फर्म काढणे कोणीही शहाणा माणूस टाळतो, कारण तिथे नियम उघड लागू होतो. व्याख्या घडली त्या काळात कुटुंब म्हणजे एका पगारावर जगणारे घर असे धरले गेले. पैशाची आणि शब्दाची देवघेव मात्र आपल्या समाजात घराच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही.

तरीही व्याख्येचे दार वाटते तितके सताड उघडे नाही. भावाची फर्म एकत्र कुटुंबाच्या, वाटणी न झालेल्या मिळकतीच्या पैशावर चालत असेल, तर त्या मिळकतीत अधिकाऱ्याचा स्वतःचाही वाटा आहे. तिथे भाऊ कुटुंबात बसतो की नाही हा प्रश्नच उरत नाही. हितसंबंध अधिकाऱ्याचाच ठरतो. भावाच्या कर्जाला तो जामीन राहिला असेल तरी तेच. उपनियम (३) मध्ये «तो स्वतः» हे शब्द आहेत, त्यांचे खरे बळ अशा प्रकरणांत दिसते.

उपनियम (२), खंड (एक): «गट अ चा कोणताही अधिकारी, शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय, आपला मुलगा, मुलगी किंवा अन्य अवलंबित यांस, ज्या कंपनीशी वा फर्मशी त्याचा कार्यालयीन व्यवहार आहे तिथे, अथवा शासनाशी कार्यालयीन व्यवहार असलेल्या अन्य कोणत्याही कंपनीत वा फर्ममध्ये, नोकरी स्वीकारू देणार नाही.»

हा खंड फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आहे आणि सगळ्या नियमात सर्वांत जास्त जुना वाटतो तोच.

एक तर «स्वीकारू देणार नाही» यात बापाच्या परवानगीने मुले नोकरीला लागतात असे गृहीत आहे. चोवीस वर्षांच्या मुलीला कुठे नोकरी करायची हे ठरवण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने दिला आहे. तिच्या वडिलांच्या सेवानियमाने तो हिरावला जात नाही. मंजुरी नाकारली आणि मुलीने तरी नोकरी धरली, तर बापाने तिला कसे अडवायचे होते? त्यामुळे या खंडाचा न्याय्य अर्थ एवढाच लावता येतो, की अधिकाऱ्याने शासनाला आधी कळवावे, मंजुरी मागावी आणि स्वतःच्या अखत्यारीतले सर्व करावे. मुलांच्या निर्णयाची शिक्षा त्याला देता येणार नाही.

दुसरे, «मुलगा, मुलगी किंवा अन्य अवलंबित» या क्रमात पत्नीचा वा पतीचा उल्लेख नाही. अधिकारी पुरुष असेल आणि त्याची पत्नी घरी असेल, हे १९६४ चे चित्र. आज पती-पत्नी दोघेही कमावतात, आणि हितसंबंधांचा सर्वांत मोठा पेच तिथेच आहे. «अन्य» या शब्दामुळे मुलगा आणि मुलगी हेही अवलंबितच अभिप्रेत आहेत असे एक वाचन निघते. कमावत्या मुलांनाही खंड लागू आहे असे दुसरे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. नोकरी स्वीकारण्याच्या क्षणी मूल बहुधा अवलंबितच असते आणि खंड नेमका त्याच क्षणाबद्दल बोलतो. व्याख्येतून निसटलेला मुलगा निदान नोकरीच्या पहिल्या दिवशी तरी इथे सापडतो.

तिसरे, «शासनाशी कार्यालयीन व्यवहार असलेली अन्य कोणतीही कंपनी». १९६४ साली अशा कंपन्या मोजक्या असतील. आज पासपोर्ट सेवा केंद्रांची यंत्रणा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस चालवते; बँका, विमा, दूरसंचार, औषधे, रस्ते, कोणतेही क्षेत्र घ्या, मोठी कंपनी शासनाशी व्यवहार करतेच. पुण्यात हिंजवडीला रुजू होणाऱ्या इंजिनिअर मुलीचे वडील भूविज्ञान खात्यात असले, तरी अक्षरशः त्यांना मंजुरी मागावी लागेल. ज्या नियमात सगळेच सापडतात तो कोणालाच बोचत नाही. मंजुरी ठरीव साच्यातला कागद होते आणि ज्या एका प्रकरणात खरोखर विचार व्हायला हवा होता, तेही त्याच गठ्ठ्यात मंजूर होऊन जाते. पहिला भाग, म्हणजे अधिकाऱ्याचा स्वतःचा व्यवहार असलेली कंपनी, कडक ठेवावा आणि दुसरा मर्यादित करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतुक: «पूर्वपरवानगीची वाट पाहण्याइतका अवधी नसेल किंवा बाब अन्यथा तातडीची असेल, तर शासनास कळवावे, नोकरी तात्पुरती, शासनाच्या परवानगीच्या अधीन राहून, स्वीकारता येईल.»

व्यवहार्य सोय आहे. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीचे उत्तर काही दिवसांत द्यावे लागते. शासनाचा कागद तितक्यात फिरत नाही.

खंड (दोन): «कुटुंबातील व्यक्तीने कोणत्याही कंपनीत वा फर्ममध्ये नोकरी स्वीकारल्याचे समजताच शासकीय कर्मचारी ते विहित प्राधिकाऱ्यास कळवील, आणि त्या कंपनीशी वा फर्मशी आपला कार्यालयीन व्यवहार आहे किंवा होता काय, तेही कळवील.»

इथे पुन्हा सर्व गट आले, आणि मंजुरीच्या जागी फक्त माहिती देणे आले. (गट अ च्या अधिकाऱ्याने आधीच मंजुरी घेतली वा कळवले असेल तर त्याला पुन्हा कळवावे लागत नाही.)

«किंवा होता काय» हे शब्द मोलाचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ज्या कंपनीचे देयक आपण मंजूर केले, तिथे आज पत्नीला नोकरी लागली, तर तेही लिहून द्यायचे. काम झाल्यावर मागाहून फेडले जाणारे उपकार याच तीन शब्दांत पकडले जातात. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या भवितव्याबद्दल मात्र नियम ४ काही बोलत नाही: आज जिच्या बाजूने निर्णय दिला त्या कंपनीत निवृत्तीनंतर आपणच सल्लागार म्हणून जायचे, हा पेच निवृत्तिवेतन नियमांवर सोडला आहे. तिथे गट अ च्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात व्यापारी नोकरी धरायची तर परवानगी लागते. एक वर्ष फार थोडे आहे.

हा खंड कंपनीतल्या नोकरीपुरता आहे. घरच्या धंद्याची जागा नियम १५ मध्ये: कुटुंबातील व्यक्ती व्यापारधंद्यात असेल, विमा वा कमिशन एजन्सी चालवत असेल, तर कळवायचे, आणि तिच्या धंद्यासाठी कर्मचाऱ्याने शब्द टाकायचा नाही. कचेरीत सहकाऱ्यांना पत्नीच्या एजन्सीची पॉलिसी घ्यायला लावणारे लोक हे वाचत नाहीत. वरिष्ठ जेव्हा हाताखालच्यांना असे सांगतो तेव्हा नकार द्यायला त्यांना जागाच राहात नाही.

खंड (दोन) कोणालाही नोकरी सोडायला सांगत नाही, हे ठळकपणे नोंदवले पाहिजे. पत्नीने आपले करिअर पतीच्या खुर्चीसाठी गुंडाळावे, अशी अपेक्षा कचेऱ्यांत आणि घरांत फार सहज केली जाते. नियमाची अपेक्षा उलट आहे. ती तिच्या जागी राहील. हलायचे आहे ते फाईलने.

उपनियम (३): «कोणताही शासकीय कर्मचारी आपले कार्यालयीन कर्तव्य बजावताना कोणतीही बाब हाताळणार नाही, किंवा कोणत्याही कंपनीस, फर्मला वा अन्य व्यक्तीस कोणतेही कंत्राट देणार वा मंजूर करणार नाही, जर…»

इथून नियमाचा गाभा सुरू होतो. «कंत्राट देणार नाही» एवढेच म्हटले असते तर सही करणारा एकटा बांधला गेला असता. «बाब हाताळणार नाही» म्हटल्याने टिपणी मांडणारा, तुलनात्मक तक्ता करणारा, मोजमाप पुस्तकात नोंद घेणारा, देयक तपासणारा असे सगळे आले. आपल्या प्रशासनात निर्णय सहीत होत नाही, तो खालच्या टेबलावरच्या टिपणीत घडतो आणि वर फक्त पक्का होतो. हे ज्याने कचेरी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही.

हाताळणे कुठवर पोचते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून कळते. दोन्ही वर्तणूक नियमांखालचे नाहीत, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाखालचे आहेत. पण प्रश्न तोच आहे.

पहिला १९६९ चा, ए. के. क्राइपाक विरुद्ध भारत सरकार. भारतीय वनसेवेत सुरुवातीची भरती करायची होती. जम्मू-काश्मीरच्या अधिकाऱ्यांतून निवड करणाऱ्या मंडळावर त्या राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक पदसिद्ध सदस्य होते, आणि तेच निवडीसाठी उमेदवारही होते. स्वतःचे नाव विचारात आले तेव्हा ते मंडळात बसले नाहीत. बाकीच्या नावांच्या वेळी बसले. त्या बाकीच्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी होते, आणि पसंतीक्रमाची यादी करण्यातही त्यांचा भाग होता. शासनाचे म्हणणे असे, की मंडळ फक्त शिफारस करते, शेवटचा शब्द त्याचा नाही. न्यायालयाने हे मानले नाही. माणसाचा मनोव्यापार पाहता अशा सदस्याकडून तटस्थतेची अपेक्षा करता येत नाही. प्रत्यक्ष पक्षपात झाला का हे शोधण्याची गरज नाही, त्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे. निवड रद्द झाली.

आपल्या नावाच्या वेळी पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे ही कचेऱ्यांत आणि समित्यांवर आजही सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि ती पुरेशी नाही हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ठरून गेले आहे. दहा जणांत एकाला निवडायचे असेल, तर उरलेल्या नऊ जणांना कमी लेखणे हेही त्या एकाला वर काढणेच असते. निविदेतही हेच होते. पत्नीच्या कंपनीच्या देकाराला हात न लावता दुसऱ्या देकारातली त्रुटी काढणारा अधिकारी ती बाब हाताळतच असतो.

दुसरा निकाल १९८४ चा, जे. महापात्रा आणि कंपनी विरुद्ध ओरिसा राज्य. तो लिहिला न्या. डी. पी. मदन यांनी. ते मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७० च्या भिवंडी-जळगाव दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला त्यांचे नाव ठाऊक आहे. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या उपसमितीवर काही सदस्य स्वतः लेखक होते आणि त्यांची पुस्तके त्याच उपसमितीपुढे आली होती. न्यायालयाने दाखवून दिले, की असा सदस्य आपल्या पुस्तकावर मत देत नसला तरी इतरांवर त्याचा सूक्ष्म प्रभाव पडतो, आणि «तुझे मी घेतो, माझे तू घे» असा अबोल सौदाही होऊ शकतो. दुसरे सदस्य नेमणे शक्य होते, म्हणून नाइलाजाचा बचावही चालला नाही. साहित्यसंस्थांच्या आणि शासकीय पुरस्कारांच्या समित्यांवर बसणाऱ्या आपल्या लेखकांनी हा निकाल जरूर वाचावा.

«…त्या कंपनीत वा फर्ममध्ये किंवा त्या व्यक्तीच्या हाताखाली त्याच्या कुटुंबातील कोणी नोकरीस असेल, किंवा तो स्वतः वा त्याच्या कुटुंबातील कोणी अशा बाबीत वा कंत्राटात अन्य कोणत्याही प्रकारे हितसंबंध ठेवून असेल…»

नोकरी कोणत्या दर्जाची, हे नियम विचारत नाही. संचालक असो वा स्वागतकक्षातली नोकरी, फाईल सोडायचीच. पहिल्या वाचनात हे जाचक वाटते. पण दर्जा पाहून सूट द्यायची ठरवली असती, तर ती सूट अधिकाऱ्याने स्वतःच स्वतःला दिली असती.

«अन्य कोणत्याही प्रकारे» यात शेअर, भागीदारी, दिलेले कर्ज, भाड्याने दिलेली जागा हे सगळे येते. हितसंबंध अप्रत्यक्ष असला तरी कसा ठरतो, याचे बोलके उदाहरण गोव्याचे आहे. ते लोकप्रतिनिधीचे आहे, कर्मचाऱ्याचे नाही, पण तर्क इथे कामाला येतो. एका ग्रामपंचायत सदस्येच्या पतीकडे पंचायतीच्या कामाचे कंत्राट होते. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मिळकत सामाईक असते. म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचाही वाटा धरून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्या सदस्येची अपात्रता योग्य ठरवली. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमातही कलम १४ खाली पंचायतीच्या कामात वा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारा सदस्य अपात्र होतो. गावचा सरपंच जे बंधन पाळतो ते त्याच गावात काम करणाऱ्या अभियंत्याला जड वाटू नये.

भाऊ, मेव्हणा आणि मित्र यांचा जो प्रश्न व्याख्येपाशी अडला होता, त्याला उत्तर पन्नास वर्षांनी मिळाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम ३ मध्ये नवे खंड आले. सार्वजनिक कर्तव्याशी संबंध असलेले आपले खाजगी हितसंबंध जाहीर करणे आणि संघर्ष लोकहित जपेल अशा रीतीने सोडवणे, हे आता कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या वा मित्रांच्या लाभासाठी निर्णय घेऊ नये असेही त्यात म्हटले आहे. मित्र हा शब्द आला, हे फार बरे झाले. नियम ४ ची व्याख्या तशीच आहे, पण तो आता नियम ३ सोबत वाचायचा. मेव्हण्याच्या फर्मचे देयक तपासणारा अधिकारी नियम ४ दाखवून सुटेल, तर नियम ३ मध्ये अडकेल. शिवाय रिट याचिकेत न्यायालय व्याख्या विचारणारच नाही, ते पक्षपाताची वाजवी शक्यता पाहील: अधिकाऱ्याची चौकशी कोरी निघेल आणि त्याने दिलेले कंत्राट मात्र रद्द होईल, असेही घडू शकते.

«…आणि शासकीय कर्मचारी अशी प्रत्येक बाब वा कंत्राट आपल्या वरिष्ठाकडे निर्देशित करील…»

सगळ्या नियमातली सर्वांत साधी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी ओळ. एक टिपणी पुरते:

«प्रस्तुत निविदेतील न्यूनतम देकार देणाऱ्या कंपनीत माझी पत्नी लेखा विभागात नोकरीस आहे. नियम ४(३) अन्वये हे प्रकरण मी हाताळू शकत नाही. अंदाजपत्रक तयार करण्यापलीकडे या नस्तीवर मी आजवर कोणतेही मत नोंदवलेले नाही. पुढील आदेशार्थ सादर.»

चार वाक्ये. पहिल्यात नाते आणि नोकरीचा विभाग, म्हणजे वरिष्ठाला प्रश्न विचारत बसावे लागत नाही. दुसऱ्यात नियम. तिसरे बहुतेक जण गाळतात आणि तेच महत्त्वाचे आहे: तोपर्यंत आपण काय काय केले ते सांगणे. अंदाजपत्रक केले तेव्हा कोण निविदा भरणार हे ठाऊक नव्हते, यात लपवण्यासारखे काही नाही. पण ते लिहिले नाही तर पुढे चौकशीत तेच पहिले विचारले जाईल. आणि या टिपणीत काय नाही तेही पाहा. कंपनीच्या कामाबद्दल बरे वा वाईट एक अक्षर नाही. «तथापि सदर कंपनीचे पूर्वीचे काम समाधानकारक आहे» एवढे जोडले, तरी फाईल हाताळून मग सोडली असे होते.

तोंडी सांगणे कामाचे नाही. «साहेबांना कल्पना दिली होती» हा बचाव साहेबांची बदली झाली की संपतो.

अशी टिपणी लिहायला लोक कचरतात, कारण उद्या कुजबूज होईल: याचे काहीतरी असणार. नियमात मात्र निर्देश करणाऱ्याकडे संशयाने पाहणारा एकही शब्द नाही. तो दोष विचारत नाही, हेतू विचारत नाही, नुकसान झाले का तेही विचारत नाही. नाते आहे, एवढी वस्तुस्थिती त्याला पुरते. नाते असणे हा अपराध नाही. ते दडवून सही करणे हा गैरवर्तनाचा मुद्दा होतो आणि १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांखाली त्याची चौकशी लागते. ज्या कचेरीत प्रमुख स्वतः एखादी फाईल अशी टिपणी लिहून वर पाठवतो, तिथे हाताखालच्यांची भीड आपोआप मोडते. प्रशिक्षणात हा मसुदा प्रत्येकाकडून एकदा हाताने लिहून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

«…आणि त्यानंतर ती बाब वा कंत्राट, ज्या प्राधिकाऱ्याकडे निर्देश केला त्याच्या सूचनांनुसार, निकाली काढण्यात येईल.»

वरिष्ठाने काय करावे, हे इथे मोकळे ठेवले आहे. तो फाईल स्वतः निकाली काढेल, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देईल किंवा समिती नेमेल. ती त्याच कर्मचाऱ्याकडे परत पाठवता येईल का? शब्दांनी मनाई केलेली नाही, आणि ही उणीव आहे. «माझा तुमच्यावर विश्वास आहे, करा तुम्हीच» असे लिहिणारा वरिष्ठ कर्मचाऱ्याचा मान राखतो, पण उपनियमाचा पहिला अर्धा भाग पुसून टाकतो. परत पाठवणे फक्त नाइलाजातच समर्थनीय ठरेल, म्हणजे ते काम करायला कायद्याने दुसरे कोणी सक्षमच नसेल तेव्हा. आणि तेव्हाही कारण लेखी हवे.

वरिष्ठाचाच त्या कंपनीशी संबंध असेल तर तोही याच नियमाने बांधलेला आहे, त्याने आणखी वर पाठवायचे. अशा पायऱ्या चढत फाईल सचिवापर्यंत जाते आणि सचिवाच्या वर मंत्री येतो. मंत्र्याला हा नियम लागू नाही. त्याच्यासाठी १९६४ सालचीच आचारसंहिता आहे: व्यवसायाशी संबंध तोडावा, कुटुंबीयांनी त्या शासनाला माल वा सेवा पुरवण्याच्या धंद्यात पडू नये, मालमत्ता जाहीर करावी. ती कोणत्याही कायद्याखाली केलेली नाही. तिच्या भंगासाठी चौकशी अधिकारी नेमला जात नाही, आरोपपत्र दिले जात नाही. केंद्रात पंतप्रधान आणि राज्यात मुख्यमंत्री काय ते पाहतात.